सोनबांच्या नंबरावरून

सोनबा मारकड गेले त्याला चार महिने झाले होते, आणि त्यांचा फोन अजून दिवसातून पाच-सहा वेळा वाजत होता.

जळोचीतल्या त्या दोन खोल्यांत, फोटोखाली एक लाकडी फळी होती. फळीवर उदबत्तीचं घर, कुंकवाची डबी आणि चार्जिंगला लावलेला सोनबांचा फोन. त्यांच्या बायको बानूबाई रोज सकाळी पदरानं त्याची काच पुसायच्या आणि बॅटरी भरली का ते मुलीला विचारायच्या. बॅटरी उतरली की त्यांना करमत नसे. "त्यांनाच दम लागल्यागत वाटतं गं," म्हणायच्या. फोन घराबाहेर न्यायलाही त्यांची मनाई होती. पण तो वाजला की स्वतः कधी उचलायच्या नाहीत. हात पदरात गुंडाळून लांब उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या, "रोहिणे, तात्यांचा फोन वाजतोय."

मग बंद का करून टाकत नाहीत, असं कुणीही विचारील. कारण सरळ होतं. रोहिणीच्या दहावीच्या फॉर्मवर तात्यांचा नंबर, बारावीच्या फॉर्मवर तोच, बी.एस्सी.च्या प्रवेशाला तोच, शिष्यवृत्तीला तोच, कॉलेजातून नोकरीसाठी कंपन्यांना पाठवलेल्या यादीतही तोच. पोरीच्या हातात फोन चालतो, पण तिचा नंबर कागदावर लिहायचा म्हटलं की आपल्याकडं घरच्यांच्या कपाळाला आठी पडते. परिणाम काय, तर सूक्ष्मजीवशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीला मुलाखतीचं बोलावणं येणार ते मेलेल्या माणसाच्या फोनवर. कॉलेजात जाऊन तिनं नंबर बदलायचा अर्ज दिला. तिथल्या बाई म्हणाल्या, जुन्या नंबरवर ओटीपी जाईल आणि फॉर्मवर ज्यांचं नाव आहे त्याच पालकांची सही लागेल. पालक फोटोत होते.

सोनबा मूळचे इंदापूर तालुक्यातल्या कळसचे. वडिलांची चारशे मेंढरं होती. रानं उसाखाली गेली, चरायला जागा उरली नाही, कळप विकला, आणि सोनबा बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या दोन नंबर गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. बावीस वर्षं. चारशे मेंढरांतलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे ज्याला लांबून कळायचं, त्याला गेटमधून येणारी माणसं लक्षात ठेवणं जड नव्हतं. कुणाची बदली झाली, कुणाच्या पोराला दहावीला किती पडले, कुणाच्या डब्यात आज काही नाही, सगळं त्यांना ठाऊक. फोनमध्ये सहाशे नंबर होते आणि ते त्यांनी आपल्या पद्धतीनं साठवले होते: 'लाल गाडी साहेब', 'जोतीराम बॉयलर', 'क्वालिटी मॅडम चष्मा'.

त्या कंपनीत आयकार्डच्या दोरीला रंग होते. ठेकेदाराच्या माणसांना लाल, कायम कामगारांना हिरवा, साहेबलोकांना निळा. सोनबा नव्या वॉचमनला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे, "कपड्यावर जाऊ नगं. दोरी बघ."

ह्या दोरीनंच त्यांना एकदा दगा दिला होता. कुणाकडून तरी मागून आणलेली निळी दोरी गळ्यात घालून एक इसम त्यांच्यासमोरून आत गेला, हिंडून परत गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सोनबांना मात्र तासाभरानं शंका आली, त्यांनी चौकशी केली आणि ते स्वतःहून मॅनेजरच्या केबिनच्या दारात जाऊन उभे राहिले. हातात टोपी, एक पाय आत, एक बाहेर. "साहेब, आज माझ्या हातनं चुकीचा माणूस आत गेला." मॅनेजरला काही पत्ताच नव्हता. ही हकीकत बानूबाईंनी रोहिणीला लहानपणापासून इतक्या वेळा सांगितली होती की ती तिला पाठ होती. "तुझा बाप खोटं बोलला न्हाय कवा," हे त्या हकीकतीचं शेवटचं वाक्य.

आता रोहिणीची अडचण. तात्या गेल्यावर चुलते दादासो कळसहून आले, तेराव्याला थांबले, आणि जाताना सरळ सांगून गेले, "दिवाळीपतुर नोकरी लागली तर ऱ्हावा हितं. न्हायतर दोघीबी कळसला चला. स्थळ आलंय, पोरगं ट्रॅक्टरच्या शोरूमला हाय. किती दिस बसवून ठिवायचं?" दादासो वाईट माणूस नव्हते. वाईट नसलेली माणसंच असले निर्णय पटकन घेतात.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. कॉलेजातल्या सरांनी शेवटच्या वर्षाला शिकवलं होतं: नोकऱ्या जाहिरातीत नसतात, ओळखीत असतात, ओळख द्यायला शिका. नाव, शिक्षण, काय येतं, काय हवंय, दोन मिनिटांत. रोहिणी आरशासमोर उभी राहून घोकायची. "मी रोहिणी सोनबा मारकड." मधलं नाव उच्चारलं की तिची नजर आरशातूनच मागच्या फोटोकडं जायची आणि पुढचं सगळं पुसलं जायचं. दोनदा तर नेमका त्याच वेळी फळीवरचा फोन वाजला. तिसऱ्यांदा तिनं नाव म्हटलं आणि वाट बघत थांबली. वाजला नाही. त्याचंही तिला बरं वाटलं नाही.

तिनं तात्यांच्या फोनमधले एमआयडीसीतले नंबर उतरवून घेतले आणि आपल्या फोनवरून लावले. एकानंही उचलला नाही. अनोळखी नंबर कोण उचलतो? मग मन घट्ट करून तिनं तात्यांचा फोन हातात घेतला. पहिल्या रिंगला उचलला गेला.

"बोला सोनबा! हायसा कुठं?"

"काका, मी रोहिणी. तात्या जूनमध्ये वारले."

पलीकडं आधी खोकल्याचा आवाज, मग "अरेरे". त्यानंतर नोकरीचं विचारायला जीभ रेटत नसे. सात जणांशी हेच झालं. आठवा बॉयलरवाला जोतीराम. हा तर तात्यांच्या तिरडीला खांदा देऊन आलेला. त्यानं फोन उचलला आणि बोललाच नाही, नुसता श्वास. रोहिणीनं नाव सांगितल्यावर म्हणाला, "पोरी, काय लागंल ते सांग, पर ह्या नंबरावरनं फोन करू नगं गं. जेवत हुतो. स्क्रीनवर तेचा सलाम ठोकलेला फोटो आला. हातातला घास तसाच ऱ्हायला बघ."

मग तिनं ठरवलं, फोन नको, मेसेज करू. दुपारची वेळ होती. बानूबाई आत भाकरी थापत होत्या. रोहिणीनं तात्यांचं व्हॉट्सअॅप पहिल्यांदाच उघडलं आणि 'क्वालिटी मॅडम चष्मा' ह्या नावावर बोट ठेवलं. ह्या गावडे मॅडम. पूर्वी तात्यांच्या कंपनीत होत्या, आता पेन्सिल चौकापलीकडं फळांचा गर डब्यात भरणाऱ्या एका कारखान्यात लॅबच्या प्रमुख.

तिथं आधीच काहीतरी होतं. तिचा स्वतःचा फोटो. पांढरा कोट, डोक्यावर जाळीची टोपी, गळ्यात आयकार्ड. त्याखाली तात्यांचा जानेवारीतला आवाजी निरोप. तिनं बोट टेकवलं.

"राम राम मॅडम. सोनबा बोलतोय, दोन नंबर गेट. ही आमची रोहिणी. इंदापूर साईडला डेअरीत हाय, लॅबला इनचार्ज. दोरी बघा, निळी हाय. पोरगी हुशार हाय पर रोजचं लांब पडतं. तुमच्यात जागा निघाली तर ध्यानात असू द्या. ठिवतो."

आतल्या खोलीतून बानूबाईंचा आवाज आला, "आलात व्हय? च्या टाकू का?"

आणि लगेच परात जमिनीवर आदळली. त्यानंतर कितीतरी वेळ आतून भाकरी थापल्याचा आवाज आला नाही. रोहिणीही उठून गेली नाही. जाऊन म्हणायचं काय?

तिनं आवाज बारीक केला आणि एकेक नाव उघडत गेली. एक्केचाळीस माणसं. प्रत्येकाला तोच फोटो, आणि प्रत्येकाला वेगळ्या शब्दांत पण तेच: पोरगी इनचार्ज, दोरी निळी. गेटवरचा माणूस जानेवारीपासून तिची ओळख वाटत हिंडला होता आणि तिला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. शेवटचा निरोप चौदा मेचा. त्यानंतर एकही नाही. सहा जूनला तात्या गेले. मधले तीन आठवडे ते का थांबले, हे तिला कळेना.

इनचार्ज ती कधीच नव्हती. जानेवारीत महिनाभर त्या डेअरीत शिकाऊ म्हणून गेली होती, कॉलेजच्या अभ्यासाचाच भाग. काचेची भांडी धुवायची, दुधाचे नमुने ह्या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे, दुसऱ्यानं सांगितलेले आकडे वहीत लिहायचे. तिथं शिकाऊंना निळी दोरी देत. फोटो तिनंच तात्यांना पाठवला होता. संध्याकाळी ते पावशेर पेढे घेऊन घरी आले. "निळी?" एवढंच म्हणाले आणि तिच्याकडं बघत राहिले. त्या क्षणी तिला त्यांची चूक कळली होती. सांगायला एक वाक्य लागलं असतं. पण पेढ्याचा पुडा सुटला होता, आई हसत होती, आणि रोहिणीनं मनाशी म्हटलं, महिना संपला की तिथंच चिकटू, मग सांगू. तिथं काही जागा निघाली नाही; परीक्षेसाठी सोडलं, एवढंच घरी कळलं. पुढं सांगायचं राहूनच गेलं. शेवटी शेवटी तर तात्या जेवताना सारखं विचारायचे, "आनि? आजून काय?" ती म्हणायची, "काही नाही, तात्या." ते पुन्हा भाकरीकडं बघायचे.

तिच्या हातातला फोन एकदम थरथरला. 'क्वालिटी मॅडम चष्मा.' निरोप ऐकताना कुठंतरी बोट लागून त्यांना रिकामाच फोन गेला होता, आणि त्या उलट करत होत्या.

"सोनबा, अहो आहात कुठे? चार-पाच महिने रामराम नाही!"

रोहिणीनं सांगितलं. मॅडमनी कधी, कसं ते विचारलं. मग आवाज बदलून म्हणाल्या, "तू ती डेअरीतली ना? तुझ्यासाठी माझं डोकं खाल्लं होतं त्यांनी. माझ्याकडे शिफ्ट इनचार्जची जागा आहे. सोनबांनी सांगितलंय म्हणजे मला आणखी कुणाला विचारायचं नाही. शुक्रवारी अकराला ये."

"हो, मॅडम," रोहिणी म्हणाली. पुन्हा एकदा सांगायचं राहिलं.

दादासोंना कळवावंच लागलं. तिनं त्यांना सगळंच सांगून टाकलं. ते फोनवर आधी हसले, मग गंभीर झाले. "आता तोंड उघडू नगं. दोन म्हैन्यांत काम शिकशील. त्यो माणूस जित्तेपणी कवा खोटं बोलला न्हाय, आन् तू मेल्यावर तेला खोटा पाडणार व्हय?"

रोहिणीनं फोन ठेवला. खरं सांगितलं तर एक्केचाळीस माणसांत तात्या खोटे. नाही सांगितलं तर रोज सकाळी निळी दोरी गळ्यात घालून गेटमधून आत जाणारी ती, म्हणजे तोच मागून आणलेल्या दोरीचा इसम.

शुक्रवारी ती रिक्षानं कारखान्यापर्यंत गेली. गेटवर महिपती होता. तात्यांबरोबर दोन नंबरला आठ वर्षं काढलेला. वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीनं पावसाळ्यात त्याला इकडं टाकलं होतं. रजिस्टर पुढं सरकवत त्यानं वर बघितलं आणि पेन तसंच राहिलं.

"सोनबाची ना? लांबनं बघितलं तवाच म्हनलं, चाल तीच हाय. लिही नाव."

तिनं नाव लिहिलं. 'कोणाकडे काम' ह्या रकान्यात गावडे मॅडम लिहिलं. 'कोणाकडून' ह्या रकान्यापाशी ती अडली.

"ऱ्हाऊ दे त्यो," महिपती म्हणाला. "म्या भरतो."

केबिन लहान होतं. मॅडमच्या गळ्यातली दोरी निळी होती. मेलं, सगळीकडं निळीच कशी असते ही, असं तिला वाटून गेलं. मॅडमनी बायोडाटा उघडलासुद्धा नाही.

"बस. सोनबांचं ऐकून फार वाईट वाटलं. आता कामाचं बोलू. तुझ्या हाताखाली शिफ्टला किती माणसं होती?"

रोहिणीनं तोंड उघडलं आणि तिला जाणवलं की मागं, दारात, कुणीतरी उभं आहे. एक पाय आत, एक बाहेर. मॅडमची नजर काही दाराकडं गेली नाही. रोहिणी मागं वळली नाही. वळून कुणी दिसलं नसतं, आणि तेच तिला नको होतं.

"मॅडम, मी इनचार्ज नव्हते. महिनाभर शिकाऊ होते. भांडी धुतली, नमुने नेले. त्या डेअरीत शिकाऊंना निळी दोरी देतात. तात्यांच्या गेटवर निळी साहेबांची. त्यांनी फोटोत दोरी बघितली आणि समजले. ते खोटं बोलले नाहीत. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसले. चूक माझी आहे."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी अनुभवाचं पत्रही मागणार नव्हते. कळतंय ना तुला?"

"हो."

"मग कशाला सांगितलंस?"

"तात्या स्वतः वर आले असते सांगायला."

"आले असते," मॅडम हळूच म्हणाल्या. "आले होते एकदा. मी तिथेच होते त्या दिवशी." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला आणि आवाज कोरडा झाला. "इनचार्जची जागा तुला देता येणार नाही. सहा महिने शिकाऊ, ठेकेदाराच्या यादीवर. लाल दोरी. भांडीच धुवायची आहेत. जमेल?"

"जमेल."

"सोमवारी आठला. आणि इथे सोनबांचं नाव सांगून कुठली सवलत मागायची नाही."

"नाही मागणार."

जिना उतरताना तिचे पाय हलके झाले होते. दिवाळी आली तरी आता कळसला जायचं नव्हतं. नोकरी होती, लाल का होईना, आणि ती तिच्या तोंडानं मिळालेली होती. गेटवर तिनं पाहुण्यांचं कार्ड परत केलं.

"काय झालं?" महिपतीनं विचारलं.

"लाल, काका."

"म्हंजी खरं सांगितलंस वर."

ती थांबली. "तुम्हाला काय माहीत?"

महिपतीनं रजिस्टर मिटलं. सांगावं की नाही, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि त्यानं सांगितलं. "आगं, सोनबाला ठावं हुतं. मे म्हैन्यात त्या डेअरीचा टँकर आला गेटवर. ह्यो डायवरला म्हनला, आमची पोरगी तुमच्यात इनचार्ज हुती, निळी दोरी. डायवर हसला. म्हनला, बाबा, निळी आमच्यात शिकाऊला आसती."

"मग?"

"मग काय? टँकरचा नंबर लिवला, सोडला आत. दोन तास बोलला न्हाय. म्या म्हनलं, घरी जाऊन पोरीला इचार. तर म्हनला, न्हाय. आपुन इचारलं तर तिला खाली बघावं लागंल. तिला वाटंल तवा ती सांगंल, मग म्या एकेकाला फोन करून सांगतो का चुकलं माझं." महिपतीनं मिटलेलं रजिस्टर बाजूला सारलं. "रोज इचारायचो म्या, सांगितलं का रं पोरीनं? म्हनायचा, आज न्हाय. उद्या सांगंल."

आनि? आजून काय?

काही नाही, तात्या.

रोहिणी गेटबाहेर आली. रस्त्यावर ऑक्टोबरचं ऊन होतं, चारा भरलेला एक टेम्पो धूळ उडवत गेला. तीन आठवडे. एकवीस जेवणं. प्रत्येक जेवणाला त्या माणसानं दार उघडं धरलं होतं आणि ती त्याच्यासमोरून रोज गप्प निघून गेली होती.

तिनं आपला फोन काढला आणि तात्यांचा नंबर लावला.

घरी फळीवर, फोटोखाली, तो वाजत असणार. सातव्या-आठव्या रिंगपर्यंत ती मोजत राहिली. हाक मारायला घरी आज रोहिणी नव्हती. मग रिंग थांबली. पलीकडं कुणीतरी फोन उचलला होता आणि बोलत नव्हतं. नुसता श्वास ऐकू येत होता, भरलेला, जरा घाबरलेला.

"तात्या," ती म्हणाली, "मी रोहिणी. मी डेअरीत इनचार्ज नव्हते. शिकाऊ होते. तुम्हाला सांगायचं राहिलं. आज इथं मॅडमना सांगितलं. शिकाऊच म्हणून घेतलंय, सोमवारपासून. लाल दोरी."

पलीकडं काचेवर पदर घासल्यासारखं खसखसलं.

"व्हय," बानूबाईंचा आवाज आला. "सांगते."

फोन बंद कसा करायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. तो तसाच चालू राहिला. त्या फोटोकडं वळल्या असाव्यात, कारण आवाज लांबून आला, "ऐकलंत का? रोहिणीचा फोन हाय. ती म्हनती..." त्यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मग त्या थांबल्या, उत्तराला माणूस थांबतो तशा.

रोहिणीनं फोन कानाला तसाच दाबून धरला.